जाहिरातींचं मी बघतो

मी फारसा बोलत नाही. बोललो तर हळू बोलतो, आणि माझं वाक्य पूर्ण होईपर्यंत समोरचा माणूस बहुधा उठून गेलेला असतो. त्यामुळे माझ्या बोलण्याने आजवर कुणाचं नुकसान झालेलं नाही. त्या दिवशी मात्र मी तीनच शब्द बोललो आणि नेमके ते सगळ्यांनी ऐकले.

"जाहिरातींचं मी बघतो."

झालं होतं असं, की आमची ही फोनवरून शिवण शिकवते. ही मशीनवर बसते आणि मी फोन धरतो. (माझा हात थरथरतो, चित्र हलतं. म्हणून आता फोन तिपाईवर असतो आणि मी तिपाई धरतो.) मग लेक ते व्हिडिओ जगाला दाखवते. चॅनेलचं नाव 'मास्तरांची कात्री'. मास्तर म्हणजे माझे सासरे. शिंपी होते. दारातून आत येणाऱ्या माणसाच्या चालीवरून ते सांगत, ह्याचा डावा खांदा अर्धा इंच उतरलेला आहे. हिने सगळं त्यांच्या शेजारी बसून उचललं, आणि ते आपल्याबरोबर संपू नये एवढीच हिची धडपड. बोलायला लागली की हिचा आवाज त्या जुन्या दुकानातला होतो. तिपाई धरून मी तो ऐकत असतो. तिपाईला तशी धरायची गरज नाही, हे मला ठाऊक आहे.

तर लेकीचा फोन आला. "आई, तुझे व्हिडिओ आता पुष्कळ लोक बघतात. त्यावर जाहिराती घेता येतील. घ्यायच्या का?"

"घे की. पण एक अट आहे," ही म्हणाली. "साबण दाखव, तेल दाखव, गुडघ्याचं मलम दाखव. तयार कपड्यांची जाहिरात माझ्या व्हिडिओवर यायची नाही. पॅन्ट तर नाहीच नाही."

"अगं आई, तसं सगळं आपल्या हातात नसतं. काही गोष्टी असतात, पण…"

इथे मी ते तीन शब्द बोललो.

मग लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही?"

"मी एकोणतीस वर्षं जाहिरातीच दाखवल्या आहेत," मी म्हणालो. हे खोटं नव्हतं. मी सिनेमा थिएटरात ऑपरेटर होतो. शिकलो चौथीपर्यंत, पण प्रकाश कुठून जातो आणि कुठे पडतो एवढं मला पक्कं कळायचं.

त्या काळी जाहिरात म्हणजे तळहाताएवढी काच. पेंटर तिच्यावर रंगाने चित्र काढायचा. मध्यांतर झालं की मी ती काच पितळी चौकटीत सरकवायचो, आणि खाली पडद्यावर दोन पुरुष उंचीची छत्री उघडायची. काच तापली की तिच्या रंगाचा गोडसर वास केबिनभर पसरे. तो वास मला अजून कधी कधी येतो, उगीचच. कुठली काच आधी, कुठली नंतर, कुठली किती वेळ, सगळं माझ्या दोन बोटांत होतं. दंतवैद्याची काच मी लोक खात असताना कधी लावत नसे. उघडा जबडा होता तिच्यावर, लोकांचा घास घशात अडकायचा. लोक परत खुर्चीत टेकले, तोंडं पुसली, की मग जबडा.

मास्तरांच्या काचेवर निळा कोट होता. एकदा ती माझ्या हातून पडली आणि कोटाला कॉलरपासून खालपर्यंत चीर गेली. मी रुमालात गुंडाळून ती दुकानात घेऊन गेलो. मास्तर बाहेर गेलेले. फळीवर बसून काजं करणारी एक मुलगी होती, तिने काच दाराच्या उजेडात धरली आणि म्हणाली, "कोट उसवलाय हो तुमचा. टीप मारून देऊ?"

त्या दिवसापासून निळा कोट पडद्यावर जरा जास्त वेळ राहू लागला. चष्मेवाल्याने मॅनेजरकडे तक्रार केली, की बाकीच्यांना दहा सेकंद आणि शिंप्याच्या कोटाची बटणं लोकांना पाठ झाली आहेत. तोवर आमचं ठरून गेलं होतं.

अशा माणसाला लेक जाहिरातींबद्दल काय शिकवणार? तिने तासभर शिकवलं. अमुक प्रकार बंद करता येतात, अमुक दुकानाचा इंटरनेटवरचा पत्ता दिला तर ते दुकान बंद करता येतं, व्हिडिओच्या आधी लावायची की मध्ये ते ठरवता येतं. मी मान डोलावत होतो. (मान डोलावणं हा माझा जुना आजार आहे. समजलं नाही की जास्त डोलते.) शेवटचं एक मात्र मला लख्ख समजलं. मध्ये जाहिरात नेमकी कुठे यावी, ती जागा आपल्या बोटाने लावता येते.

म्हणजे मध्यांतर! मग आणखी काय विचारायचं?

मध्यांतर कुठे करावं ह्याला अक्कल लागते. दार उघडलं आहे, आत कोण आहे ते अजून दिसलं नाही, तिथे दिवे लागले पाहिजेत. लोक खाऊ विसरून परत जागेवर येतात. हिचा नवा व्हिडिओ पॅन्टच्या कंबरेचा होता. त्यात ही कात्री उघडते, कापडावर टेकवते आणि म्हणते, "आता नीट बघा. ह्याच जागी सगळे चुकतात." मी बोटाने बरोबर तिथे मध्यांतर लावलं.

संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या नर्सबाई व्हिडिओ बघायला आल्या. त्या निवृत्त आहेत, पण अजून कुणाचाही हात हातात घेतला की नाडी मोजतात. मी फोन टेबलावर टेकवला आणि मागे उभा राहिलो, केबिनमध्ये राहायचो तसा.

कात्री उघडली. "आता नीट बघा. ह्याच जागी सगळे चुकतात."

आणि एक तरणाबांड माणूस सोफ्यावरून उडी मारून आला. "अजून कपडे शिवून घेता?" तो ओरडला. "माप द्या, खेटे घाला, वाट बघा! कशाला? ही घ्या पॅन्ट! घाला आणि निघा!" आणि त्याने ती पॅन्ट पोटापाशी ताणून सोडून दाखवली. फट्ट.

तो माणूस दुसऱ्यांदा उडी मारून गेला.

"छान आहे हो," नर्सबाई म्हणाल्या. "कुठे मिळते?"

व्हिडिओ पुढे चालू होता, त्यातली ही कापड कापत होती, आणि खुर्चीतली ही माझ्याकडे बघत होती.

नर्सबाई गेल्यावर ही म्हणाली, "तेव्हाही तुमच्याच हातून, आणि आताही तुमच्याच हातून." एवढंच. मग मशीनवर लाकडी झाकण ठेवलं आणि कापडाच्या घड्या कपाटात घातल्या. दुसऱ्या दिवशी झाकण निघालं नाही. तिसऱ्या दिवशी झाकणावर पाण्याचा तांब्या आला, तेव्हा मला भीती वाटली. झाकणावर वस्तू ठेवायला लागलं की ते मशीन राहत नाही, टेबल होतं.

'तेव्हाही' म्हणजे काय ते सांगतो.

आमच्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. मास्तरांच्या दुकानासमोर तयार कपड्यांचं मोठं दुकान उघडलं आणि त्याची काच थिएटरात आली. पिवळी पॅन्ट, झोकदार. मी मॅनेजरला म्हणालो, ही मी लावणार नाही. (हे मी मनात म्हणालो. मोठ्याने मी 'बरं साहेब' म्हणालो.) त्या खेळाला खाली मास्तर आणि ही दोघं बसलेली, मीच पास दिलेले. मी काच हातात धरली. आयुष्यात एकदाच माझ्या अंगात बंड आलं. मी ती उलटी घातली.

पडद्यावर पॅन्टचे पाय वर आणि कंबर खाली. सगळं थिएटर हसलं. लोकांनी माना वाकड्या करून नाव वाचलं. मॅनेजर धावत वर आला, मी म्हणालो, "चुकून झालं." आठवडाभर मी रोज दोनदा चुकलो. आठवड्याने जो तो विचारत होता, ते उलट्या पॅन्टचं दुकान कुठे आहे हो? त्या दुकानाचा मालक स्वतः केबिनची शिडी चढून आला आणि त्याने माझे दोन्ही हात धरले. म्हणाला, काय डोकं लावलंत! आता कायम उलटीच ठेवा.

चार वर्षांनी मास्तरांनी दुकानाला कुलूप लावलं. ती काच मी मुद्दाम उलटी लावली होती, हे मी हिला सांगितलं नाही. सांगून काय सांगणार होतो? मी वैर केलं आणि त्याचं भलं झालं, असं?

तर ह्या वेळी तरी मला ती पॅन्ट अडवायची होती. झाकण निघायला हवं होतं.

लेकीने सांगितलेलं आठवलं, दुकानाचा पत्ता दिला की ते दुकान बंद होतं. पण पत्ता मिळवायचा कसा? जाहिरातीवर बोट दाबलं की दुकान उघडतं आणि वर पत्ता दिसतो. सोपं होतं. दुपारी ही आडवी झाली की मी फोन घेऊन खिडकीशी बसायचो, हिचेच व्हिडिओ लावायचो आणि पॅन्ट आली की बोट दाबायचो. आत जायचं, पत्ता वहीत उतरवायचा, बाहेर यायचं. इंग्रजी अक्षरं मी चित्रासारखी बघून काढतो, त्यामुळे एका पत्त्याला वेळ लागायचा. तेवढा वेळ मी त्या दुकानात उभा.

पहिल्या दिवशी दोन दुकानं निघाली. दुसऱ्या दिवशी सात. तिसऱ्या दिवसापासून पॅन्टशिवाय दुसरं काही येईना. आखूड पॅन्ट, लांब पॅन्ट, सहा खिशांची पॅन्ट, पावसात न भिजणारी पॅन्ट. हवामान बघायला गेलो तर ढगाखाली पॅन्ट. मी मनात म्हणायचो, बघा, शत्रू किती पसरलाय! आणि आणखी नेटाने बोट दाबायचो. आठ दिवसांत वहीची अकरा पानं भरली.

नवव्या दिवशी दाराची बेल वाजली. दार हिने उघडलं.

"पार्सल आहे," बाहेरचा माणूस म्हणाला. "आजोबांच्या नावाने. दोन पॅन्ट."

"घर चुकलात," ही म्हणाली. "ह्या घरात पॅन्ट विकत येत नाही."

"नाव तर बरोबर आहे. फोन नंबर हाच ना?"

नंबर हाच होता. पत्ता शोधताना एका दुकानात मी जिथे 'पुढे' दिसेल तिथे दाबत गेलो होतो. मला वाटत होतं, पुढे गेल्याशिवाय पत्ता कसा दिसेल? पत्ता होता, पण तो आमचा होता. लेकीने तो फोनमध्ये भरून ठेवला होता, माझ्या सोयीसाठी. माप विचारलं तेव्हा अंगठ्याला जे जवळ पडलं ते दाबलं.

हिने पार्सल टेबलावर ठेवलं (म्हणजे मशीनवर) आणि लेकीला फोन लावला. "तुझ्या वडिलांनी पॅन्ट मागवल्या आहेत. तयार. मला काय ते नीट समजावून सांग."

मी वही पुढे केली. सगळं सांगितलं. लेकीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, तुम्ही ज्या जाहिरातीवर बोट दाबता, तीच तुम्हाला परत परत दाखवतात. त्यांना वाटतं, ह्या माणसाला पॅन्ट फार हवी आहे."

"पण ती व्हिडिओला चिकटवलेली आहे ना?"

"नाही हो. तिथे फक्त रिकामी जागा असते. ती जागा कुठे ठेवायची, ठेवायची की नाही, कुठली दुकानं नकोत, एवढं आपलं. नको असेल तर एक बटण दाबून त्या व्हिडिओवर जाहिरात बंदही करता येते. पण त्या जागेत कुणाला काय दिसेल ते बघणाऱ्यावर असतं. आईच्या त्याच व्हिडिओवर मला गाद्या दिसतात. नर्सबाईंना त्यांच्या फोनवर गुडघ्याच्या पट्ट्या दिसत असतील."

"एक बटण?" ही म्हणाली.

"पहिल्या दिवशीच सांगितलं होतं ग. बाबा मान डोलावत होते."

ही शिंप्याची मुलगी आहे, धागा कुठून सुटलाय ते तिला बरोबर दिसतं. "मग त्या पहिल्या संध्याकाळी," तिने हळूच विचारलं, "ह्यांनी एकही पत्ता शोधला नव्हता, तेव्हा आमच्या फोनवर पॅन्टच का आली?"

"त्या फोनवर आधी कुणीतरी पॅन्ट शोधली असेल," लेक म्हणाली. आणि मग शहाणी मुलगी, तिने फोन ठेवून दिला.

आता मला ते सांगावंच लागेल. तुमच्यापासूनही मी ते इतका वेळ लपवलं, माफ करा.

शोधली होती. महिनाभर आधी, मीच. माझी बोटं आता वळत नाहीत. ज्या दोन बोटांनी मी एकोणतीस वर्षं काचा सरकवल्या, त्यांना हुक लावता येत नाही, काजातून बटण काढता येत नाही. सकाळी मी न्हाणीघरात दार लावून वीस वीस मिनिटं उभा असतो. पण माझी प्रत्येक पॅन्ट हिने शिवलेली आहे. तिला काय सांगू, तुझी पॅन्ट मला जमत नाही? म्हणून एकदा गुपचूप फोनवर बोललो, 'हुक नसलेली पॅन्ट'. बघितली, लाजलो आणि बंद केलं. मी विसरलो. फोन विसरला नाही.

हे मी हिला सांगितलं. माझ्या चालीने सांगितलं, म्हणजे वेळ लागला. ही उठून गेली नाही. मग बोलतोच आहे तर ती उलटी काचही सांगून टाकली.

"मुद्दाम?" ही म्हणाली. "उलटी तुम्ही मुद्दाम लावलीत?"

"हो."

"आणि मी एवढी वर्षं समजते आहे, की माझ्या नवऱ्याला वरचं खालचं कळत नाही!" ती हसायला लागली. हसता हसता तिने डोळ्यांना पदर लावला आणि माझा उजवा हात ओढून घेतला. एकेक बोट हळू वाकवून बघितलं. कुठे अडतं, किती अडतं. बाप माणसाचा खांदा जसा बघायचा तसं.

"न्हाणीघरात मी समजायची, तुम्ही गाणी म्हणत असता," ती म्हणाली.

"ते कण्हणं होतं."

"चालीत होतं हो."

मग तिने पार्सल फाडलं. पॅन्ट उलटी करून शिवण बघितली, ताणली, नाक मुरडलं. "इलास्टिक नुसतं दाबून बसवलंय. तीन धुण्यांत पिळा पडेल. आणि माप कुणाचं आहे हे? ह्यात तुम्ही आणि नर्सबाई दोघं मावाल." पार्सल खुर्चीवर गेलं, तांब्या स्वयंपाकघरात गेला आणि झाकण निघालं. मला तिपाई आणायला सांगितलं नाही, मीच आणली.

त्या व्हिडिओत हिने दुकानाची पॅन्ट उसवून दाखवली, आणि मग आखडलेल्या बोटांच्या माणसासाठी कंबर कशी शिवायची ते दाखवलं. समोरून पाहिलं तर मास्तरांनी शिवलेली वाटते, दोन्ही बाजूंना आत इलास्टिक, हुक नाही, बटण नाही. नमुना म्हणून मला पुढे उभं केलं. मी तीन सेकंदांत पॅन्ट वर चढवली. (आत दुसरी होती.) आजवर हिचा एकही व्हिडिओ इतक्या लोकांनी बघितला नव्हता. कुणी लिहिलं, माझ्या वडिलांसाठी शिवते. कुणी लिहिलं, माझ्या आजोबांसाठी. हिने ती सगळी पत्रं माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतली, आणि मी हळू वाचतो म्हणून पहिल्यांदाच माझी घाई केली नाही.

जाहिरातींचंही हिनेच बघितलं. लेकीला म्हणाली, "आधी काय दाखवायचं ते दाखवू देत, पॅन्ट आली तरी येऊ दे. लोकांनी ती बघावी आणि मग माझी बघावी. मध्ये मात्र एकही नको. मी बोलत असताना मध्ये कुणी बोललेलं मला खपत नाही." (ह्याचा साक्षीदार मी आहे.)

सगळं सुरळीत झालं असं वाटत होतं, तेवढ्यात कंपनीचं पत्र आलं. लेकीने फोनवर वाचून दाखवलं. तुमच्या चॅनेलवरच्या जाहिरातींवर तुमच्याच घरातून आठ दिवसांत चारशे बारा वेळा बोट दाबलं गेलं आहे, हा लबाडीचा प्रकार दिसतो, सबब जाहिराती थांबवल्या आहेत, काही खुलासा असल्यास करावा.

"लबाडी?" ही ताडकन उठली. "माझ्या बाबांच्या नावाच्या चॅनेलवर? लिहा हो खुलासा. मी सांगते ते लिहा."

मी एका बोटाने लिहू लागलो. ती सांगत होती. "चारशे बारा वेळा बोट दाबणारा इसम माझा नवरा आहे. गेली सेहेचाळीस वर्षं मी त्याला ओळखते. लबाडी करायला जे डोकं लागतं ते त्याच्याकडे नाही, आणि कधी नव्हतं."

मी थांबलो. "हे असंच लिहू?"

"असंच लिहा."

लिहिलं. पाठवलं. लेक म्हणाली होती, अशा खुलाशाला उत्तर यायला महिना लागतो, वर पुरावे मागतात, बहुतेकांचं ऐकतच नाहीत.

आमचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. कंपनीला खुलासा पूर्णपणे पटला होता.